लय वाढवायची नाही

माणसाचं तोंड न बघता माणूस ओळखणारा उभ्या कोल्हापुरात एकच इसम आहे, आमच्या गल्लीतले नाचाचे मास्तर. शाळांची गॅदरिंगं बसवून पोट भरतात, पण डोळा असा की रंकाळ्यावर फिरायला आलेल्या एखाद्या पावण्याच्या मागून दहा पावलं हुबेहूब त्याच्यासारखं चालतील आणि मला सांगतील, "बायकोशी भांडून आलाय. खांदा बघा की." एकदा तो पावणा गर्रकन वळला. मास्तर पळाले नाहीत; उलट त्यालाच म्हणाले, "पावणं, डावा पाय जरा उचलत जावा, टाच झिजलीया." माझ्या लग्नात तर हे गृहस्थ अक्षता टाकायच्या सोडून माझे गुडघे बघत बसले होते.

आम्ही हसायचो. पण हा डोळा त्यांना घरातच मिळाला होता. त्यांची धाकटी बहीण बारा वर्षं मनाच्या आजारानं घरात होती. दिवसभर दाराची कडी लावायची, काढायची, दोन पावलं मागं, पुन्हा पुढं. गल्ली तिला वेडी म्हणायची, आणि स्टेजवरची वेडी म्हणजे केस मोकळे सोडून घुमणारी, हे आम्हा सगळ्यांचं ठरलेलं. मास्तरांना ते फार लागायचं. "एकदा तरी लोकांनी तिला हाय तशी बघाय पायजे," म्हणायचे.

म्हणून नृत्यस्पर्धेत त्यांनी ती कडीच नाचायची ठरवली. साथीला माझी हलगी, तीही नुसती कडेवर काडीची टिचकी. तीन महिने तालीम चालली आणि रोज एकच ताकीद, "लय वाढवायची न्हाय. तिची वाढत न्हाय."

स्पर्धेला बहीण आली. बारा वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर, नवी साडी नेसून, पहिल्या रांगेत. मास्तर नाचू लागले. दोन मिनिटांत खुर्च्या करकरल्या, मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. आता आम्हा हलगीवाल्यांचा एक धर्म असतो: नाचणारा पडायला लागला की लय चढवून त्याला उचलायचं. माझी उभी हयात मिरवणुकीत गेलेली. हातानं मला विचारलंसुद्धा नाही. आणि मास्तरांचे पाय म्हणजे लयीचे गुलाम. ते घुमायला लागले. शिट्ट्या पडल्या. पहिलं बक्षीस मिळालं.

बहीण माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "दादा, मी अशी न्हाय वो करत."

ती पुन्हा बाहेर पडली नाही. मास्तरांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. अजून सकाळी चहाला येतात, कुणाकुणाच्या चाली करून दाखवतात, मीही हसतो. फक्त माझ्या हातांकडे बघत नाहीत.

त्यांच्या दारावरून जाताना आतून कडीचा आवाज येतो. मी थांबतो, मांडीवर बोटानं तिची लय धरतो. आता एकदाही चुकत नाही.