न गेलेल्या रक्ताचा कोड

मंगळवार. फार दिवस इथे लिहायला फिरकले नाही, माफ करा.

सांगलीच्या एका हॉस्पिटलात मी केसपेपर वाचून प्रत्येक आजाराचा ठरलेला कोड-क्रमांक नोंदीत भरते. आज तासगावच्या एका बाळंतिणीच्या सासूबाई डिस्चार्जचा कागद घेऊन आल्या.

"आवं मॅडम, वार गर्भपिशवीच्या तोंडाशी व्हती, खरं हाय. पण ह्यात लिवलेला रक्तस्राव कवा झाला? एक थेंब गेला न्हाई. पुढच्या खेपेला डॉक्टर ह्येच वाचून सुनेला घाबरवतील!"

मला डॉक्टरांचाच संशय आला. सिझेरियन तातडीचं होतं असं दाखवायला त्यांनी रक्तस्राव लिहिला असणार.

केसपेपर दोनदा वाचला. रक्तस्राव कुठेच नव्हता. रक्तस्रावाचा कोड मीच भरला होता, आधीच्या पेशंटचा पाहून. संशय घ्यायला मला डॉक्टरच का सापडले?

उद्या: वारेचे मी भरलेले सगळे कोड केसपेपरशी ताडून पाहणे.