मुनियम्मा अज्जीचं वाक्य

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. ती निपाणीला बसून अजून शेजारणींना कौतुकाने सांगत असते, की बेंगळुरात माझ्या लेकीच्या कन्नडचं केवढं नाव आहे. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच असेल कदाचित.

कन्नडपासूनच सुरुवात करावी लागेल. आमच्या सीमाभागात घरात मराठी, गल्लीत कन्नड. लग्न होऊन पुण्याला गेले, तर सासरची माणसं माझ्या हेलाला हसायची. मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो, सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला, आणि माझा भाव एकदम वधारला. सोसायटीत दिल्लीचे, कोलकात्याचे, पुण्याचे लोक. टँकरवाल्याशी हुज्जत घालायची असो की वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यायचा असो, ‘शुभा को बुलाओ.’ आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी हवी होते. हे आधीच सांगून ठेवते. सबब म्हणून नाही... का सबब म्हणूनच?

आमच्या कुंपणाला लागून जुनं गाव आहे. बैठी घरं, मारम्माचं देऊळ, आणि त्यांच्या डोक्यावर आमचे टॉवर. सोसायटीतल्या काही जणांनी ठरवलं, की आपण राहतो त्या जागेचा इतिहास गोळा करायचा. रविवारी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना क्लबहाऊसमध्ये बोलवायचं, त्यांच्या आठवणी ऐकायच्या, आणि शेवटी गेटपाशी एक मोठा फलक लावायचा, कन्नड आणि इंग्रजीत. आमच्या त्या दहा-बारा जणांत कन्नड येणारी मी एकटी. तेव्हा भाषांतर माझ्याकडे.

मुनियम्मा अज्जी या सगळ्यांत बोलकी. खुर्ची दिली तरी उभी राहूनच बोलायची, पानाने रंगलेल्या ओठांनी, हातवारे करत. नाचणीची शेतं, तळ्यातले मासे, जत्रेत सासऱ्याशी झालेलं भांडण. मी ते हिंदीत सांगायचे आणि सगळे खळखळून हसायचे. मला ती ‘मगळे’ म्हणायची, म्हणजे लेकी. मला ते आवडायचं. खूप आवडायचं.

त्या रविवारी ती भाचेसुनेला घेऊन आली होती. तिलाही अज्जीसारखीच हिंदी येत नव्हती. बोलता बोलता थांबली आणि खिडकीकडे बोट केलं. खिडकीबाहेर सोसायटीचा प्ले एरिया आहे. घसरगुंडीवर मुलं होती, माझा मुलगाही.

ती म्हणाली, “तिथे आमची लेकरं आहेत.”

मला वाटलं, नातवंडांबद्दल बोलते आहे. मग ती सांगू लागली. लहान मूल गेलं की आम्ही जाळत नाही, पुरतो. गावातली तान्ही पोरं तिथल्या चिंचांखाली पुरलेली आहेत. माझी गौरी तिथेच आहे. नाव ठेवलं आणि गेली. जमीन थोरल्या दिराने विकली, आम्हा बायकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. घसरगुंडी काढा असं मी म्हणत नाही. पोरं खेळतात, ते चांगलंच आहे. फक्त तुमच्या फलकावर लिहा, की आमची लेकरं इथे आहेत. आणि गौरीचं नाव लिहा.

बोलून झाल्यावर ती माझ्याकडे बघायला लागली. सगळेच माझ्याकडे बघायला लागले.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं? मी कितीदा आठवून पाहिलं आहे. फ्लॅटला गिऱ्हाईक मिळणार नाही हे होतं का? थोडं होतं. आया मुलांना तिथे पाठवायच्या बंद होतील, ग्रुपवर गदारोळ होईल — तेही. पण त्याहून जास्त एक होतं. हे माझ्या तोंडून बाहेर पडलं तर हसरे चेहरे बदलतील, आणि ते बदलताना माझ्याकडे बघत असतील. मला ते नको होतं. एवढंच. एवढ्यासाठी.

मी म्हणाले, “कह रही हैं, वहाँ इमली के पेड़ थे. गाँव के बच्चे वहीं खेलते थे.”

किती सहज आलं ते! आवाजसुद्धा कापला नाही. कुणीतरी ‘सो स्वीट’ म्हणालं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अज्जीने त्या टाळ्या ऐकल्या. तिला वाटलं, आपलं म्हणणं या लोकांनी मानलं. तिने पदराने डोळे पुसले आणि सगळ्यांना हात जोडले. एकेकाकडे वळून, सावकाश. मी तिथेच उभी होते. तेव्हाही बोलता आलं असतं. नाही बोलले.

फलक लागला त्या दिवशी ती गावातल्या तिच्या वयाच्या बायकांना बरोबर घेऊन आली. सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून, केसांत कनकांबर, म्हणजे आपली अबोली, माळून. त्यांच्यातल्या कितीजणींची लेकरं तिथे होती, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. अज्जीला वाचता येत नाही, म्हणून भाचेसुनेने मोठ्याने वाचून दाखवलं. तळं, नाचणी, जत्रा. चिंचेची झाडं, खेळणारी मुलं. अज्जी म्हणाली, परत वाच. तिने परत वाचलं. बरोबरच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

मग ती गर्दीतून माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ही चारचौघांत ओरडेल. तिला ओरडता येतं. ओरडायलाच हवं होतं. पण तिने माझं मनगट धरून मला बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, “निनगे अर्थ आगलिल्वा, मगळे?” तुला कळलं नव्हतं का, लेकी?



तीच पुढे म्हणाली, “तुमचं बेळगावकडचं कन्नड वेगळं. आमचं तुला कळलं नसेल.”

आणि मी — मी मान हलवली. म्हणाले, “हो अज्जी, नाही कळलं.”

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. ‘इरली बिडु’ म्हणाली, असू दे. मलाच धीर दिला. मग तिथेच, त्या फलकाखाली, तिने मला सगळं पुन्हा सांगितलं. चिंचा, तान्ही पोरं, गौरी. या वेळी सोपे शब्द शोधून, एकेक शब्द सुटा करून, मधे मधे थांबून माझ्याकडे बघत — आता तरी कळतंय ना? मी म्हणाले, आता कळलं, मी त्यांना सांगते.

मी कुणालाही सांगितलं नाही. फलक बदलायला फारसं काही लागलं नसतं. तो अजून तसाच आहे.

अज्जी अजून भेटते, गेटबाहेरच्या भाजीच्या गाडीपाशी. इतरांशी भरभर बोलत असते, पण मला पाहिलं की तिचं कन्नड संथ होतं. जेवलीस का, पाऊस येईलसं दिसतं, मुलगा उंच झाला. सगळं हाताने दाखवत, लहान मुलाला समजवावं तसं. मी कपाळाला आठ्या घालते, क्षणभर थांबते, आणि मग आत्ताच कळल्यासारखी मान हलवते.