पी.ओ.ची चौकशी

लग्न जुळवताना मुलाकडच्यांना थेट काहीही विचारायचं नाही, गावात जाऊन गुपचूप चौकशी करायची, असा आमच्या घराण्याचा रिवाज आहे. तो माझ्यापाशी संपला.

माझ्या स्वातीसाठी अकोल्याचं स्थळ आलं. बायोडाटात लिहिलं होतं : 'वडील – व्यवसाय. मुलगा – पी.ओ.' झालं! मेहुणा म्हणाला, बँकेतला साहेब. भाऊ म्हणाला, पोस्ट ऑफिस. शेजारचे काका कोर्टातून रिटायर झालेले (त्यांना चांगलं सुचतच नाही). ते म्हणाले, "प्रोबेशन ऑफिसर असन. कैद्यायच्या मागं फिरते."

स्वातीला फोटो आवडला होता. तिचं तोंड एवढंसं झालं.

"अवो, एक फोन करून त्यायलेच इचारा ना!" बायको म्हणाली.

"म्हंजे आपल्याले काईच समजत नाई, हे दाखवू?" मी गरजलो आणि अमरावतीहून एसटी धरली.

अकोल्यात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक गृहस्थ झेंडूचे हार गुंफत बसले होते. चौकशीला याहून बरा माणूस कोणता? मी एक हार घेतला आणि आवाज बारीक केला.

"काहो भाऊ, त्या हिरव्या घरातला पोरगा पी.ओ. हाये म्हंते. म्हंजे काय?"

"ब्यांकेत साहेब हाये."

"नक्की ना? आजकाल लोकं काईबी दोन अक्षरं ठोकून देते!"

"नक्की. माहाच पोरगा हाये."

हार हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. देवळात असतो तर शोभलो तरी असतो!

"अमरावतीचे ना तुमी? बसा," ते म्हणाले. "तुमच्या बायोडाटात 'वडील – रिटायर ए.ओ.' लिवलं हाये. आमाले समजलं नाई. चौकशीले माहा साळा आजच तिकडं गेला."

ए.ओ. म्हणजे लेखाधिकारी, कृषी अधिकारी, प्रशासकीय अधिकारी. वाचणाऱ्याला जो मोठा वाटेल तो! (म्हणूनच तर मी ती अक्षरं टाकली होती.) मी होतो पाणीपुरवठ्यात असिस्टंट ऑपरेटर.

तेवढ्यात बायकोचा फोन. हातात हार, म्हणून स्पीकर लावला.

"अवो, अकोल्याचे मामा आले होते. ए.ओ. म्हंजे काय, इचारत होते."

"मंग? काय सांगतलं?"

"खरं तेच! पंपाचं बटन चालू करत होते म्हनलं. अन् बंदबी करत होते!"

मी डोळे मिटले. पोरीचं लग्न मीच मोडलं.

"बरं झालं बाप्पा!" हार गुंफता गुंफता ते गृहस्थ म्हणाले. "एवढ्या मोठ्या साहेबाची पोरगी आमा फुलवाल्याच्या घरी कशी राहीन, म्हनून आमी नाईच म्हननार होतो!"

साक्षगंधाच्या (साखरपुड्याच्या) पत्रिकेत मी माझ्या नावाला फक्त 'श्री.' लावलं. तेही बायकोला विचारून!