टीव्हीतले जोमाकाका

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण स्वतः कधी लिहिलं नाही. माझा अशा गोष्टींवर विश्वासच नव्हता. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. मीटरचा काटा हलला तर तो का हलला हे शोधणं, एवढंच माझं काम. वायर सैल असते, कार्बन धरलेला असतो... काहीतरी सापडतंच. या एका गोष्टीत मात्र मला काही सापडलं नाही. आणि खरं सांगायचं तर यात माझं जे चुकलं, ते सांगायची लाज वाटते, म्हणूनही आजवर गप्प होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव पेण तालुक्यात, वडखळपासून खाडीच्या बाजूला. नाव लिहीत नाही, काकांचे नातेवाईक अजून तिथे राहतात. आमच्याकडे घरामागे तलाव असतो आणि तलावात जिताडा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो — पावसाळ्यात खाडीतून या माशाची पिल्लं आणून सोडायची आणि दोन-तीन वर्षं वाढवायची. मोठा झालेला जिताडा विकण्यापेक्षा द्यायलाच जास्त लागतो. व्याह्यांकडे जातो, डॉक्टरकडे जातो, काम अडलं असेल तर साहेबाकडेही जातो.

माझं काम अडलेलं होतं. मला कंपनीत परमनंट व्हायचं होतं. शेपटीला खाच असलेला एक मोठा जिताडा मी त्यासाठीच राखून ठेवला होता. त्या वर्षी होळीच्या आसपास तो चोरीला गेला. त्याआधीही दोन गेले होते.

तलावाची राखण जोमाकाका करायचे. शेजारचे, वडिलांच्या बरोबरीचे. वडील असल्यापासून ते काठावरच्या भेंडीच्या झाडाखाली — भाजीची नव्हे, सावलीची मोठी भेंडी — दगडावर बसायचे, खांद्यावर लाल चौकड्यांचा टॉवेल, बाजूला एक रिकामा डबा. बगळा आला, पोरं आली, कुणी अनोळखी दिसलं की डबा बडवायचे. तलाव उपसला की त्यांना एक मासा आणि घरचे तांदूळ. यापलीकडे त्यांनी कधी काही मागितलं नाही.

त्याच सुमाराला कंपनीने गेटवरचे जुने कॅमेरे काढून भंगारात घातले. भंगारवाल्याकडून मी एक मिळवला, घरी आणून दुरुस्त केला. मागच्या पडवीच्या वाशाला बसवला आणि केबलची वायर आत आणून ओटीवरच्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडली. रेकॉर्डिंग वगैरे काही नाही, समोरचं फक्त दिसायचं. पण गावात बातमी पसरली की बाळ्याने घराला कॅमेरा लावलाय, आणि मला तेच हवं होतं.

पहिल्या दिवशी ओटीवर अर्धी आळी जमली. टीव्हीत तलाव, भेंडी आणि दगडावर जोमाकाका.

"पारूकाकी, नवरा हिरो झाला गो तुझा!" जोमाकाकांच्या बायकोला कुणीतरी म्हणालं.

"ह्या वयात? मंग हिरोईन दुसरी बगा," काकी म्हणाली. सगळे हसले.

काका स्वतःला बघायला आत आले, तर टीव्हीत दगड रिकामा. पोरं पोट धरून हसली. काका पण हसले. मग मला म्हणाले, "बाळ्या, मी दिसतो ता बराय. पन चोर कवा दिसल?"

मी म्हणालो, "दिसेल काका. घरातला असला तरी दिसेल."

ओटी हसली. काका हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि निघून गेले.

मला तेच म्हणायचं होतं. जिताडा त्यांनीच कुणाला तरी दिला असावा असा संशय मला होता. पुरावा काही नव्हता. नंतर मी त्यांना सांगितलं, "काका, आता कॅमेरा आहे, तुम्ही घरी आराम करा." तरी ते येत राहिले, फक्त कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायला लागले. मी नाइट करून दिवसा झोपायचो, डब्याच्या आवाजाने झोप मोडायची. एक दिवस मी तो डबा उचलून आणला आणि माळ्यावर टाकला. 

वैशाखातली दुपार होती. नाइट करून आलो होतो, नुकताच उठून ओटीवर पडलो होतो. टीव्ही चालू होता. पारूकाकी दारात आली.

"बाळ्या, आमचे हे जेवाला नाय आले रं. तलावावर हायत का बग."

तलाव म्हणजे मागचं दार उघडून पन्नासेक पावलं. मी उठलो नाही. पडल्यापडल्या मान वळवली. "हे काय, बसलेत."

काकी वाकून टीव्हीत बघू लागली. काका दगडावर बसले होते, पाठ आमच्याकडे, खांद्यावर टॉवेल. चौकडे दिसत होते, इतकं स्पष्ट.

"व्हय की," काकी म्हणाली. "एवढा ऊन, टॉवेल डोक्याला बांधा सांगते तर ऐकत नाय. रुसलेत माज्यावर. मासलीच्या कालवनात मीठ जास्त पडला सकाळी." मग पडद्यालाच म्हणाली, "बसा उपाशी!" आणि हसत घरी गेली.

मी कूस बदलली.

थोड्या वेळाने माझी बायको सुनंदा वाळत घातलेले पापड काढायला मागे गेली आणि तिची किंकाळी ऐकू आली.

काका काठालगत पालथे तरंगत होते. तिथे पाणी कमरेएवढंसुद्धा नव्हतं. पाय घसरला की चक्कर आली, कुणाला माहीत. आम्ही बाहेर काढलं, जीपमध्ये घालून पेणला नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली. म्हणाले, "बराच वेळ झालाय."

"नाही हो, आत्ता तर बसले होते. मी स्वतः बघितलं."

"किती वेळ ते मला नक्की सांगता येणार नाही. पण आत्ता नाही."

संध्याकाळी सगळं आटोपून घरी आलो. ओटीवर माणसं होती. टीव्ही चालूच राहिला होता, कुणाचं लक्ष नव्हतं. पडद्यावर चित्र नव्हतं, नुसता करडा रंग. कॅमेरा गेला असेल म्हणून सवयीने मी टॉर्च घेऊन मागे गेलो.

कॅमेऱ्यावर काकांचा टॉवेल बांधलेला होता. लाल चौकड्यांचा, दोन गाठी मारून, कोरडा ठणठणीत. खाली पाण्याचा ड्रम उपडा करून ठेवलेला.

सुनंदा म्हणाली, "सकाळी तुम्ही झोपला होतात तेव्हा ड्रम सरकवल्याचा आवाज आला होता. मला वाटलं, काका झाडाला पाणी घालतायत."

म्हणजे सकाळीच त्यांनी माझ्या कॅमेऱ्याचे डोळे बांधले होते. माझ्या त्या वाक्याला त्यांनी दिलेलं उत्तर होतं ते. मग दुपारी मी काय बघितलं? आणि टॉवेल इथे बांधलेला असताना त्यांच्या खांद्यावर काय होतं?

दुसऱ्या दिवशी मी तोच टॉवेल पुन्हा बांधून बघितला. पडदा करडा. चित्राचा मागमूस नाही. वायर तपासली, टीव्ही उघडला, सगळं नीट होतं. मी एकट्याने बघितलं असतं तर अर्धवट झोपेत होतो म्हणालो असतो. पण काकीनेही बघितलं होतं. मी बोललो म्हणून तिला दिसलं, असं स्वतःला समजावायचो... पण टॉवेलाचं मी बोललो नव्हतो, ती बोलली होती.

मला रात्रंदिवस एकच गोष्ट खात होती. काकी विचारायला आली तेव्हा ते जिवंत होते का? पडद्यावर दगड रिकामा दिसला असता, किंवा नुसता करडा रंग असता, तर मी उठलोच असतो. आणि डबा त्यांच्यापाशी असता तर...

तेराव्यानंतर काकी दुपारची यायला लागली. "लाव रं जरा टीव्ही." मी लावायचो. ती ओटीवर बसून बघत राहायची. "आज बरे बसलेत," म्हणायची. किंवा, "पाठ दुखतेय वाटतं, सारखे हलतायत." मला फक्त दगड आणि पाणी दिसायचं. सुनंदालाही तेवढंच. कॅमेरा काढून टाकावासा वाटायचा, पण हात धजायचा नाही.

पुढच्या वर्षी तलावातले आणखी दोन जिताडे गेले. कॅमेरा असूनही, काका नसतानाही. चोर कोण ते कधीच कळलं नाही. पण कोण नव्हतं ते कळलं.

ही चोरी लक्षात आली त्या दुपारी काकी आली तेव्हा मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. माझा संशय, त्या दिवशीच्या वाक्याचा खरा अर्थ, माळ्यावरचा डबा. तिने ऐकून घेतलं.

"मला ठावं व्हता," ती म्हणाली. "त्यांना पन ठावं व्हता. चार दिस धड जेवले नाय तवा." मग टीव्हीकडे बोट केलं. "मला कशाला सांगतोस? त्यांना सांग."

शिकलासवरलेला माणूस मी, एका जुन्या टीव्हीपुढे हात जोडून बसलो. "काका, चुकलो," म्हणालो. मान खाली घातली.

काकी पडद्याकडे बघत होती.  मग हळूच म्हणाली, "उठले."

मी मान वर केली. दगड, भेंडी, पाणी. रोजच्यासारखंच.

काकीने पदराने डोळे पुसले आणि ती घरी गेली. त्यानंतर टीव्ही लाव असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही. काही वर्षांनी तीही गेली. मग मी कॅमेरा उतरवला. डबा परत भेंडीखाली नेऊन ठेवला, तो तिथेच गंजला.

पडद्यावर ते चित्र कुठून आलं याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि मी माफी मागितली त्या दुपारी काका खरंच दगडावरून उठले, की माझ्यासाठी काकीने त्यांना उठवलं, हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.