कुंपण सरकवलं की जागा वाढते

माझ्या अब्रूचं जे व्हायचं ते होऊन गेलंय, तेव्हा तुम्हीही ऐकून घ्या. चहा घ्या आधी.

मी पनवेलच्या एका शाळेत सातवीला गणित शिकवतो. मुलांनी नुसतं उत्तर देऊ नये, ते कसं आलं हे एकमेकांना पटवून द्यावं, हा माझा हट्ट. वाद घाला, पण बोला, असं मीच सांगून ठेवलंय. आणि तरीही मी काय केलं?

मधल्या सुट्टीत वर्गावरून जात होतो. आत कोन गावची मनस्वी म्हणत होती, "कुंपण सरकवलं की जागा वाढते. माझी जागा तुझ्यापेक्षा जास्तच हाय." करंजाडेची प्राजक्ता चिडून म्हणाली, "असं कुंपण सरकवून जागा वाढते होय?"

आता तुम्हीच सांगा, पनवेलात 'जागा' म्हटल्यावर मनात काय येणार? इथे गुंठ्यापायी सख्खे भाऊ बोलेनासे झालेत. मला वाटलं, दोन घरांत जमिनीचा तंटा पेटलाय आणि झळ पोरींना लागतेय. मुलींना एका शब्दाने न विचारता मी थेट मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो आणि दोघींच्या वडिलांना दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं.

प्राजक्ताचे वडील न्हावा शेव्याच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून आले, मनस्वीचे शेतावरून. दोघं एकमेकांशी बोलेनात. अबोला इतका जुना आहे तर, मी मनात म्हटलं, आणि सुरू झालो. जमीन इथेच राहते, माणसं जातात, वगैरे. बरं बोललो हो, स्वतःलाच गहिवरून आलं.

प्राजक्ताचे वडील ओशाळून म्हणाले, "सर, सोसायटीच्या पॅसेजमधलं चपलांचं कपाट आजच आत घेतो."

मनस्वीच्या वडिलांनी हात जोडले. "बांध जरासा सरकलाय, खोटं कशाला बोलू. पण तो माझ्या भावाच्या बाजूचा. या सायबांना तर मी वळखत पण नाय."

शेवटी बाईंनी मुलींनाच बोलावलं. मनस्वी माझ्याकडे बघतच राहिली. "सर, तुमीच दिलेलं गणित हाय. कुंपण तेवढंच ठेवून शेत मोठं करता येईल का?"

मग तिने वेणीची रिबीन सोडली, दोन्ही टोकं बांधली आणि बाईंच्या टेबलावर प्राजक्ताच्या बोटांवर ताणली. आधी लांबट, चिंचोळी. आत जेमतेम एक पेन मावलं. मग तीच रिबीन चौरस केली, तर खडूची अख्खी पेटी आत बसली.

प्राजक्ता म्हणाली, "मला आधी पटत नव्हतं. करून बघितलं तेव्हा पटलं. आणि बाई, चार कोपरे हवेतच असं नसेल, तर गोल केल्यावर जागा आणखी वाढते."

गोलाचं मी शिकवलंच नव्हतं! ते या दोघींनी भांडता भांडता शोधलं होतं. काय सांगू, माझी सगळी फजिती विसरून छाती फुगली.

बाहेर पडताना मनस्वीच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. "सर, तुमी कुठला विषय शिकवता?"

"गणित."

"मग यांना हे जागेचं कोण शिकवतं?"

मी अभिमानाने 'मीच' म्हणणार होतो. पण बाई ऐकत होत्या.