फाटका आवाजच भरा

ग्रुपवरच्या मेटलवाल्यांनो, आज संध्याकाळी आमच्या इथे आमलीतल्या कॅसेटवाल्याकडे गेलो. माझी हेवी मेटल गाण्यांची कॅसेट त्याच्याकडे कॉपी करायला दिली होती. त्याने कोऱ्या कॅसेटवर यंदाची अवॉर्डवाली पॉप गाणी भरून ठेवली होती.

"भाई, तुमची कॅसेट खराब आहे. गिटारचा आवाज फाटतो. म्हणून चांगला माल टाकला," तो मायेने म्हणाला.

मी म्हटलं, "शेठ, दिवसभर मी धाग्याच्या मशीनच्या खडखडाटात उभा असतो. ही गुळगुळीत गाणी माझ्या काय कामाची? अवॉर्ड त्यांनाच राहू दे. आमच्यात गिटार मुद्दामच फाडतात, मला फाटकंच भरून द्या."

समोर बसून भरून घेतली. मग दुकानातच मोठ्याने लावायला लावली. शेजारच्या साडीवाल्याने आपलं शटर अर्धं खाली ओढलं.

आपल्याला बक्षीस मिळतं ते असं. तुमच्या गावात कोणी शटर ओढलंय का?