लोणच्याच्या बरणीमागची किल्ली

ईशा आणि निहार,

गेल्या रविवारी फोनवर ईशाने सहज विचारलं, "आजी, लहानपणी आम्ही तो लोणच्याच्या बरणीचा गेम खेळलो होतो ना, तो बाबाच्या कुठल्या मित्राने केला होता?" मी "नंतर सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला. तो गेम कमलआत्याने केला होता. तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, तुमच्या बाबाची, अभयची आत्या. तुमची तिची कधी भेट झाली नाही, आणि ती तुमच्या लक्षातही राहिली नाही, यात थोडा दोष माझा आहे. म्हणून आता नीट लिहून ठेवते. वाचताना अडलात तर बाबाला विचारू नका, मला फोन करा.

कमलने लग्न केलं नाही. इथे जबलपूरला, सिविल लाइंसमधल्या सिंचन खात्याच्या कार्यालयात ती ट्रेसर होती. इंजिनिअरांनी काढलेल्या कालव्यांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईने रेघन् रेघ उतरवायची, हे तिचं जन्मभराचं काम. घरात आम्ही तिघं: तुमचे आजोबा, मी आणि ती. निवृत्त झाल्यावर तिने संगणक घेतला, तेव्हा मला वाटलं, पत्ते खेळत बसेल. पण त्याच सुमारास अभय परदेशातून सुट्टीवर आला आणि गेम तयार करण्याचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्याने तिला घालून दिलं. त्यात आपण काढलेलं एक चित्र म्हणजे एक खोली. चित्रातल्या दाराभोवती, कपाटाभोवती, माणसाभोवती रेघ आखायची आणि तिथे क्लिक केलं की काय व्हावं ते लिहायचं. पडद्यावरचं चिन्ह बदलून क्लिक तीन तऱ्हांनी करता येई: डोळ्याने बघायचं, हाताने उचलायचं, तोंडाने बोलायचं. खोल्या दारांनी जोडत गेलं की गोष्ट तयार.

तेव्हापासून कमल वही घेऊन घरभर हिंडू लागली.

"वहिनी, या पाटाले हात लावला तर काय होते?"

"काही होत नाही. पाट आहे तो."

"असं कसं? हात लावला तं काही बोलायलाच पाहिजे न. नाही तं पोरगं कंटाळून निघून जाते."

एकदा तिने दारावर आलेल्या भाजीवाल्याला थांबवून विचारलं, "भैया, कोई तुमको सिर्फ आँख से देखे, तो क्या बोलोगे?" तो जराही गडबडला नाही. म्हणाला, "देखो दीदी, आँख से जितना देखना है देखो, टमाटर मत दबाना." ते वाक्य तिने जसंच्या तसं गेममध्ये घातलं.

चित्रं ती जुन्या सवयीने शाईने काढायची. कडीचा खिळाही सुटायचा नाही. मग ती गुंडाळी काखेत मारून सदर बाजारातल्या दुकानात स्कॅन करायला जायची. आपल्याच घराचे इतके कोपरे बघून दुकानदाराने शेवटी विचारलं, "दीदी, मकान बेच रही हो क्या?" कमल म्हणाली, "नहीं भैया, बच्चों को भेज रही हूँ."

खरंच तेच होतं. तुम्ही तेव्हा दहा आणि आठ वर्षांचे. रविवारी सकाळी अभयचा फोन यायचा, शेवटी तुमच्या हातात दिला जायचा. कमल विचारायची, "कसे आहात रे?" तुम्ही म्हणायचात, "फाइन." बोलणं तिथेच संपायचं. ती रिसीव्हर माझ्याकडे द्यायची आणि उगाच टेबलावरच्या कापडाची घडी सारखी करायची.

गेममध्ये सुट्टीला घरी आलेलं एक मूल होतं. मागच्या अंगणात आत्या वाट बघते आहे, तिच्यापर्यंत पोहोचायचं. वाटेतलं कोठीघर बंद, आणि त्याची किल्ली लोणच्याच्या बरणीमागे. चपला काढून, नळावर पाय धुऊन आत यायचं, पण मग हात ओले. ओल्या हाताने बरणीवर क्लिक केलं की काहीच होत नसे. आधी खुंटीवरच्या पंच्याला हात पुसायचे. मी म्हटलं, "अगं, तिकडच्या मुलांना हे कसं कळणार? एक सूचना लिही."

"लोणच्याले ओला हात लावते का कोणी? हे काय सांगायची गोष्ट आहे?"

सीडी पोचली आणि पुढच्याच रविवारी निहारने फोनवर आपणहून तिला मागितलं. "आत्या, बरणी हलत नाही." कमल खुर्चीत सरळ बसली. "तुझे हात कसे आहेत, ओले की कोरडे?" तिकडून काही उत्तर आलं. "मग ओल्या हाताने लोणचं खराब होते न, राजा." तो दिवस आम्हा दोघींना पुरला. तुम्ही दोघं आळीपाळीने अर्धा तास तिच्याशी बोललात. निहारने लोणचं कसं घालतात ते विचारलं. दोन रविवार असंच झालं.

तिसऱ्या आठवड्यात अभयची ईमेल आली: मुलं अडून चिडतात, उत्तरं असली तर पाठव. मला पटलं. मुलांना अर्धवट सोडायला लावणं मला बरं वाटेना. कमलची वही समोरच होती, उत्तरं तिच्यात होती. मी इंग्रजीत बावीस मुद्दे क्रमवार टाइप केले आणि पाठवून दिले. तिला सांगायचं मला सुचलंही नाही.

पुढच्या रविवारी कमल न्हाऊन, वही घेऊन फोनजवळ बसली. तुम्ही "फाइन" म्हणालात. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्यांदा तिने अभयलाच विचारलं आणि तो आनंदाने म्हणाला, "आत्या, त्यांनी केव्हाच संपवला! आईने उत्तरं पाठवली ना, एका दुपारीत झालं."

तिने रिसीव्हर ठेवला. "किती मुद्दे लिहिले, वहिनी?"

"बावीस."

"मी तं वीसच अडचणी ठेवल्या होत्या. दोन तुमच्या जास्तीच्या." मग म्हणाली, "उत्तरं मले पाठवता येत नव्हती काय? पाठवली नाही, कारण अडले तर विचारतील. विचारायले फोन करतील. वीस अडचणी म्हणजे वीस रविवार."

मी माफी मागितली ती दुसऱ्या दिवशी, स्वयंपाकघरात, पाठमोरी असताना. ती म्हणाली, "जाऊ द्या न. तुम्ही वाईट थोडी केलं. तुम्हाले काम उरकायची सवय आहे."

त्या पावसाळ्यात तिने दुसरा गेम सुरू केला. या वेळी वही नव्हती. "उत्तरं डोक्यात ठेवून राहिली आहे. तुमच्या हाती लागायले नको." दसऱ्याला तिने माझ्या हातात एक सीडी दिली. "तीन खोल्या झाल्या आहेत. हा पोरांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. खेळून बघा, आणि अडल्या तं विचारा."

दिवाळीची कामं होती. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे, मग निवांत बघते. दिवाळीनंतर तिला दवाखान्यात न्यावं लागलं आणि आठ दिवसांत ती गेली. सीडी मी लावली ती तिच्या तेराव्यानंतर.

पहिल्या खोलीत तिच्या कार्यालयाचा जिना आहे, दुसरीत ट्रेसरांचं लांब टेबल. चाळीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, रोज मी तिला डबा भरून दिला, पण ती कुठे बसते हे बघायला मी कधी गेले नव्हते. तिसरी नकाशांची खोली. तिथे दोन वेण्या घातलेली तरुण कमल पाठ करून उभी आहे. तिच्यावर तोंडाने क्लिक केलं की ती वळते आणि खाली अक्षरं येतात: "आल्या का वहिनी? आधी सांगा, काय शोधून राहिल्या?" त्या खोलीत एक बंद दार आहे. मी प्रत्येक नकाशावर, प्रत्येक खणावर, तिन्ही तऱ्हांनी क्लिक करून पाहिलं आहे. कशाकशाला हात लावला याची क्रमवार यादीही केली.

तिचा संगणक वर्षभरातच बंद पडला आणि त्यातलं काहीच परत मिळालं नाही. माझ्याकडची ती सीडी अभयने इथे ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर अजून चालते. तिच्यात तीन खोल्या आहेत, आणि तिसरीचं दार मला उघडता आलेलं नाही.